धोक्याच्या कामावरील कामगारांची मोफत वैद्यकीय तपासणी (कोकण किनारा)

कामाच्या जागची धूळ, रसायने, आवाज यांनी शरीरात घडणारा बिघाड त्रास सुरू होण्याआधी हेरावा म्हणून कामगाराकडून पैसे न घेता ठरावीक मुदतीने केली जाणारी तपासणी. दवाखान्यातल्या नेहमीच्या तपासणीहून ती वेगळी आहे. तिथे माणूस दुखते म्हणून जातो. इथे तो ठणठणीत असतो, निदान त्याला तसे वाटत असते. ‘मला काय झालंय?’ असे म्हणत रांगेत उभा राहणारा कामगार हाच या तपासणीचा खरा लाभार्थी.

रोग्याला त्याचा धंदा विचारावा, हे इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी (1633–1714) यांनी सांगून ठेवले. कोकणातल्या बहुतेक केसपेपरांवर आजही वय, वजन, रक्तदाब असतो; धंद्याचा रकाना कोरा किंवा ‘मजुरी’.

भारतात या तपासणीला धार आली ती 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर. कारखाने अधिनियम, 1948 मध्ये 1987 साली दुरुस्ती होऊन कलम 41-सी आले. धोकादायक प्रक्रियेच्या कामावर घेण्यापूर्वी, काम चालू असताना आणि काम सुटल्यानंतरही, बारा महिन्यांहून जास्त अंतर न पडू देता, तपासणी करण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली गेली. आरोग्याची नोंद कामगाराला पाहता आली पाहिजे, हेही त्यातच आले. अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत 29 व्यवसायजन्य रोग होते. त्यांपैकी एखादा कारखान्यात काम करणाऱ्या वा केलेल्या रुग्णात आढळल्यास डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवणे बंधनकारक होते. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी आणखी पुढे जाऊन सांगितले, की कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून 40 वर्षे किंवा काम सुटल्यापासून 15 वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपली पाहिजे. चार नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यांत विलीन झाले. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी, ही त्यातली सर्वांत गाजलेली तरतूद. धुळीतला कामगार मात्र पंचविशीतच तपासायला हवा.

कोकणात ही तपासणी सर्वांत रुळलेली आहे ती रासायनिक वसाहतींत : महाड, रोहे-धाटाव, खेड तालुक्यातले लोटे-परशुराम. तपासण्या कामाप्रमाणे बदलतात. फॉस्फरसयुक्त कीटकनाशके हाताळणाऱ्याच्या रक्तातले कोलिनेस्टरेज मोजतात, कारण विषबाधेत हे विकर घटत जाते. त्यासाठी कामाला लागण्यापूर्वीचा आकडा हाताशी असावा लागतो. क्रोमियमचे काम असेल तर डॉक्टर आधी नाकात बॅटरी मारून पाहतो, कारण क्रोमियमने नाकाच्या पडद्याला भोक पडते आणि ते दुखतही नाही. कंप्रेसर, बॉयलरजवळच्यांची श्रवणचाचणी होते. आठ तासांसाठी 90 डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा. आवाजाने जाणारे ऐकणे आधी 4,000 हर्ट्झच्या आसपास खचते आणि गप्पा त्याखालच्या पट्टीत चालतात, म्हणून घरी कुणाला पत्ता लागत नाही. ही चाचणी सुट्टीनंतरच्या सकाळी करावी. कामाची पाळी संपवून आलेल्याचे कान तात्पुरते बधिर असतात आणि आलेख फसवतो.

फुंकण्याची चाचणी (स्पायरोमेट्री) शिबिरात सगळ्यांना करमणूक वाटते. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि तंत्रज्ञ ओरडतो, ‘मामा, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!’ मामा दोनदा अर्ध्यातच हसतात. तीन चांगल्या फुंका मिळेपर्यंत पाच-सात मिनिटे जातात. दीडशे माणसे एका सकाळी ‘तपासून’ मोकळे होणारे शिबिर ही चाचणी नीट करत नाही, हे गणित कुणालाही मांडता येईल.

वसाहतींबाहेर पडले की चित्र विरळ होते. कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात सिलिका वाळूचे उत्खनन चालते. काच आणि ओतकामासाठी ती वापरतात. तिची बारीक कोरडी धूळ फुप्फुसात रुतली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, धुळीचे काम सोडल्यावरही वाढू शकतो आणि क्षयाला वाट करून देतो. खोकला धरला की गावी क्षयाचे औषध सुरू होते. दहा वर्षांपूर्वी काय काम करत होतास, हा प्रश्न येतच नाही. म्हणून छातीचा एक्स-रे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या नमुना-फिल्मशी ताडून वाचणारा डॉक्टर लागतो. असे वाचन औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम केलेल्यांना जमते. तो मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत चालतो.

जांभ्याची गोष्ट अधिक विचित्र आहे. खाण अधिनियम, 1952 खालच्या नियमांनी खाणीवर रुजू होताना आणि मग दर पाच वर्षांनी मोफत तपासणी ठरवून दिली. पण त्याच अधिनियमाच्या कलम 3 ने मुरूम, जांभा, वाळू यांच्या उघड्या खाणींना मोठी सूट दिली : खोली सहा मीटरच्या आत, एका दिवशी पन्नासहून जास्त माणसे नाहीत आणि सुरुंग नाही. जांभ्याचे चिरे काढणारी कोकणातली चिरेखाण नेमकी याच मापाची. चिरा यंत्राने कापतात, सुरुंग लागत नाही, माणसे दहा-वीस. काच करण्याची वाळू या सवलतीतून मुद्दाम वगळलेली होती. जांभा सवलतीत राहिला. जांभ्यात लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे जास्त, सिलिका त्या मानाने कमी, तेव्हा धोका कासार्ड्याच्या वाळूइतका नाही हे मान्य. तरी पातीचा आवाज आणि भुवयांपर्यंत लाल झालेला माणूस पाहिला की ‘खाण नाही’ हे म्हणणे कागदापुरतेच पटते.

काजू कारखान्यांत बाया बी फोडतात. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, बोटे काळी पडून सोलवटतात. हात पुढे करायला सांगून नुसते पाहिले तरी अर्धी तपासणी होते, आणि ती कुणी करत नाही. पुष्कळ युनिटे इतकी लहान, की नव्या संहितेतल्या कारखान्याच्या व्याख्येत (विजेवर चालत असल्यास 20 कामगार, नसल्यास 40) बसत नाहीत.

वेळेचा प्रश्न सगळ्यांत दुर्लक्षित आहे. चिरेखाणी पावसाळ्यात बंद. कर्नाटकातून आलेले कामगार मेअखेर घराकडे निघतात. मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते, तेव्हा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले नेपाळी खलाशी गावी गेलेले असतात. यंत्रणेला मात्र नेमकी तेव्हाच सवड मिळते, आणि शिबिराला मालक नि त्यांचे नातेवाईक येऊन साखर तपासून जातात. शिबिर दिवाळी ते होळी या काळात, संध्याकाळी, खाणीच्या किंवा जेटीच्या तोंडाशी हवे. दिवसा ठेवले तर रोज बुडतो. मग ती तपासणी मोफत कशी म्हणायची?

काम सुटल्यावरची तपासणी 1987 पासून कायद्यात असली, तरी ती कुणी मागत नाही. अमेरिकेत अण्वस्त्र कारखान्यांच्या माजी कामगारांसाठी 1992 च्या कायद्याने मोफत तपासणीची सोय केली आणि तिथे जुन्या कामगारांना शोधून बोलावले जाते. इथे ठेकेदार बदलला की तपासणीच्या कागदांचे पाकीटही त्याच्याबरोबर जाते. कामगाराच्या हाती उरते ते ‘फिट’ असा शिक्का मारलेले चिटोरे, ज्याचा पुढच्या डॉक्टरला काडीचा उपयोग नाही. मागून घ्यावी ती एक्स-रेची फिल्म आणि फुंकण्याचा आलेख. फिल्म गादीखाली ठेवू नये; इथल्या पावसाळ्यात त्या एकमेकींना चिकटतात आणि सोलताना चित्रच उपटून येते. खिडकीच्या उजेडावर धरून मोबाइलवर फोटो काढावा, कोपऱ्यातली तारीख दिसेल असा.