लोकवर्गणी

लोकवर्गणी म्हणजे शाळा, वसतिगृह, वाचनालय, दवाखाना, पाणीयोजना अशा सार्वजनिक कामासाठी अनेकांनी ऐपतीप्रमाणे पैसा, धान्य किंवा श्रम देऊन उभा केलेला निधी, आणि तो उभा करण्याची रीत. देणगी एकट्याची असू शकते. वर्गणी म्हटली की देणारे पुष्कळ आणि प्रत्येकाचा वाटा लहान. महाराष्ट्रातील अनेक जुन्या संस्था या रीतीने उभ्या राहिल्या. मागणारा कोण, त्याने स्वतः काय दिले आणि हिशेब कसा ठेवला, यांवर तिचे यश ठरत आले आहे.

रीतीची मुळे घराघरांत होती. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कोणा एका घरावर भार पडत नसे, आणि एखाद्या घराने हात आखडला तरी बाकीचे वार शाबूत राहत. मुष्टिफंडाची कल्पना त्याच जातीची. स्वयंपाकाला बसण्यापूर्वी घरातली बाई धान्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकी आणि ठरल्या दिवशी संस्थेचा माणूस पोते घेऊन ते धान्य न्यायला येई. जिच्या हातात रोख पैसा कधी येत नसे, तीही यामुळे देणारी झाली. एवढ्यासाठीच या मुठीचे मोल फार आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. देशी उद्योगांसाठी प्रत्येकाने निदान एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे लाखभर लोकांनी एकेक पैसा दिला तरी जमणार १,५६२ रुपये ८ आणे. एवढ्या रकमेसाठी किती दारे ठोठावावी लागली असतील, याचा अंदाज या हिशेबावरून येतो. लोकमान्य टिळकांनी फंडाला पाठबळ दिले. १९०८ मध्ये फंडाच्या पैशातून तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. परदेशात हे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे काम पाहत, आणि कारखान्यात काचकाम शिकवलेही जाई.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला. विधवेशी पुनर्विवाह केल्यामुळे समाजाने ज्यांना वाळीत टाकले होते, त्यांनी त्याच समाजाच्या दारात विधवांच्या शिक्षणासाठी हात पसरला. आपल्या आयुष्याचा विमाही त्यांनी आश्रमाच्या नावे केला होता. फर्ग्युसन कॉलेजात शिकवून झाले की ते हिंगण्याची वाट पायी चालत. मागणाऱ्याने आधी स्वतःचे टाकलेले असले म्हणजे त्याला ‘नाही’ म्हणणे जड जाते.

कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची कामगिरी या नोंदीत ठळकपणे यायलाच हवी, कारण निधिसंकलनाच्या इतिहासात ती सहसा एका ओळीत आटोपली जाते. पार्वतीबाई स्वतः विधवा होत्या आणि शिक्षण बऱ्याच उशिरा सुरू झाले होते. आश्रमासाठी त्या देशभर वर्गणी मागत हिंडल्या. १९१८ मध्ये, इंग्रजी जेमतेम येत असताना, त्या अमेरिकेला गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरले, भाषा शिकल्या आणि आश्रमाचे काम लोकांना सांगितले. आश्रमातून शिकून बाहेर पडलेली बाई काय करू शकते, हे दाखवायला वेगळ्या माहितीपत्रकाची गरजच नव्हती.

हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज फंड हा लोकवर्गणीचा फार सुंदर नमुना आहे. दिवाळीच्या सुमारास संस्थेचे सेवक पावतीपुस्तक घेऊन घरोघरी जातात आणि भाऊबीज मागतात. शिकणारी मुलगी ही बहीण, वर्गणी ही तिची ओवाळणी. मागणीला सणाचे आणि नात्याचे नाव मिळाल्याने देणाऱ्याला आपण उपकार करतो आहोत असे वाटत नाही, आणि घेणारीची मानही खाली जात नाही. शिवाय सण दरवर्षी येतो. ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या घरी जाण्याचा हा परिपाठ एखाद्या वर्षीच्या मोठ्या देणगीपेक्षा संस्थेला अधिक भरवसा देतो. मोठी देणगी नकोच असे मात्र कर्वे कधी म्हणाले नाहीत. १९१६ मध्ये काढलेल्या महिला विद्यापीठासाठी सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले.

संस्था चालवणाऱ्यांनी किती घ्यावे, हा प्रश्न वर्गणीइतकाच जुना. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्य बेताच्या वेतनावर वीस वर्षे काम करण्याचे बंधन घेत. गोपाळ कृष्ण गोखले दरमहा ७५ रुपयांवर राहिले. सदस्यांनी बाहेर कमाई करावी की नाही, यावरून तेथे कडाक्याचा वाद झाला आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. ही हकीकत सातारा भागात आजही सांगितली जाते, आणि ती सांगणाऱ्याचा आवाज अजून हलतो.

पूर्णवेळ कार्यकर्त्याने जगायचे कशावर, याचे उत्तर सामाजिक कृतज्ञता निधीने शोधले. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने नामवंत नटांनी नाटकाचे प्रयोग करून हा निधी जमवला आणि त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना मानधन सुरू झाले. इमारतीला पैसे देणारे पुष्कळ भेटतात, कारण इमारतीवर पाटी लागते. माणसाच्या पगाराला देणारे थोडे, आणि संस्था तर माणसेच चालवतात.

व्यवहारात लोकवर्गणीचा कणा म्हणजे पावतीपुस्तक. अनुक्रमांक छापलेली पावती फाडून द्यायची, स्थळप्रत पुस्तकात राहू द्यायची, रद्द झालेली पावतीही फाडून न टाकता तिथेच जोडून ठेवायची. संध्याकाळी खजिनदाराने स्थळप्रतींची बेरीज आणि आलेली रोकड समोरासमोर ताडून पाहायची. पुस्तके कोणाकोणाकडे दिली, किती परत आली, याची नोंद न ठेवल्याने चांगल्या संस्थांची नावे खराब झालेली आहेत. जुन्या संस्था वार्षिक अहवालात रुपया-दोन रुपये देणाऱ्यांचीही नावे छापत. ती यादी वाचणारा प्रत्येकजण एक प्रकारे हिशेबनीसच असे.

राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार न्यासाची नोंदणी, हिशेबतपासणी आणि विश्वस्तांमधील बदलांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते. उत्सवासाठी तात्पुरती वर्गणी गोळा करायलाही त्यांची परवानगी लागते. देणगीवरील आयकर सवलत २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला मिळत नाही. परदेशी देणग्यांवर वेगळा कायदा आहे. २०२० च्या दुरुस्तीने अशा पैशातील प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी झाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले. हा ‘सीएसआर’चा पैसा संस्थांना मोठा वाटतो, पण तो बहुधा प्रकल्पापुरता आणि मुदतीपुरता असतो. त्यावर सगळा डोलारा उभारून घरोघरची वर्गणी सोडून देणे ही मोठी चूक आहे.

सरकारी योजनांतही हा शब्द शिरला. जलजीवन मिशनमध्ये गावातील कामांच्या खर्चाचा १० टक्के वाटा (डोंगराळ, वनक्षेत्रातील आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत ५ टक्के) गावाने रोख, वस्तुरूपाने किंवा श्रमाने द्यायचा असतो. नळ आपला वाटावा आणि बिघडला तर गावाने दुरुस्त करावा, हा त्यामागचा हेतू. ती रक्कम कंत्राटदाराने किंवा एखाद्या पुढाऱ्याने परस्पर भरली, तर कागद पूर्ण होतो आणि मोटार जळाल्यावर गाव पुन्हा त्याच पुढाऱ्याकडे जाते.

वृत्तपत्रांनीही या कामाला हात दिला आहे. ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमात गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख छापली जाते आणि वाचक धनादेश पाठवतात. तेराव्याच्या खर्चाला फाटा देऊन आईवडिलांच्या नावे संस्थेत कायम ठेव ठेवण्याची पद्धतही रुळली आहे. व्याजातून दरवर्षी एखाद्या मुलाची फी किंवा बक्षीस दिले जाते. व्याजदर आणि महागाई यांचा विचार मात्र ठेव स्वीकारतानाच करावा लागतो. कोणे एके काळी ५०० रुपयांच्या ठेवीवर ठेवलेल्या पारितोषिकाचे आज वर्षाला तीसपस्तीस रुपये व्याज येते, आणि तेवढ्यात धड पुस्तकही येत नाही. अशा वेळी त्या घराच्या पुढच्या पिढीला पत्र लिहून ठेवीत भर मागणे हे चिटणिसाचे काम असते.