सरासरी (संख्याशास्त्र)

सरासरी म्हणजे पुष्कळ आकड्यांच्या वतीनं पुढं केलेला एकच आकडा. दहावीच्या गणितात हिची तीन रूपं शिकवतात, मध्य, मध्यक आणि बहुलक. कॉलेजात गेलं की तीच मीन, मीडियन, मोड होतात, आणि एरवी बोलताना सरासरी म्हटलं की बहुतेकांना पहिलंच रूप आठवतं, बेरीज करा आणि जितके आकडे तितक्यानं भागा. ते सगळ्यांना येतं, त्यामुळं इथं त्यावर जास्त लिहीत नाही.

तिन्हींत फरक कुठं पडतो ते सोलापूरच्या मार्केट यार्डात दिसतं. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक वाढते, आणि रोजच्या बाजारभावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात. समजा नऊ जणांच्या मालाचा लिलाव झाला आणि क्विंटलला भाव निघाले ३००, ६००, ८००, ८००, १०००, ११००, १२००, १७०० आणि ३३०० रुपये. बेरीज १०८००, नऊनं भागलं की मध्य १२००. चढत्या क्रमानं लावून बरोबर मधला घेतला तर मध्यक १०००. सगळ्यात जास्त वेळा आलेला म्हणजे बहुलक ८००. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण बाराशेच्या वर भाव मिळालेले फक्त दोघं आणि बाराशेच्या खाली राहिलेले सहा जण. तो ३३०० चा एक भाव काढून टाकला तर मध्य एकदम ९३७ रुपये ५० पैशांवर येतो, मध्यक मात्र हजारावरून नऊशेवर, एवढाच हलतो. म्हणून एखादा आकडा फार लांब गेला असेल तर मध्यक घ्यावा. बाजारभावातला सर्वसाधारण दर हा कल्पनेनं बहुलकाच्या जवळचा आहे, जास्तीत जास्त माल ज्या भावानं गेला तो, आणि त्याला बेरीज-भागाकाराची सरासरी समजून हिशेब मांडला की गाडीभाडं, हमाली, तोलाई जाऊन हातात काय उरणार याचा अंदाज चुकतो.

यातच भारित सरासरी येते, म्हणजे प्रत्येक भावाला त्या भावानं गेलेल्या मालाचं वजन देऊन काढलेली. ३३०० रुपयांनी ४ क्विंटल गेला आणि ८०० रुपयांनी ६० क्विंटल, तर दोन भावांची साधी सरासरी २०५० भरते पण क्विंटलमागं खरोखर पडलेला भाव ९५६ रुपये २५ पैसे. मालाच्या हिशेबाची पट्टी हातात घेतलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, विद्यार्थ्यांना मात्र परत परत सांगावं लागतं.

सरासरी हा शब्द फारसीतनं आला, सरासर म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळीकडं. संकल्पना कुणाची यावर मात्र एकमत नाही. पाश्चात्त्य इतिहासकार साधारणपणे सोळाव्या शतकाच्या शेवटी येतात, खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेनं ग्रहताऱ्यांच्या एकाच मापाची अनेक निरीक्षणं घेऊन त्यांचा मध्य वापरला तिथनं. मग इंग्रज गणिती टॉमस सिम्प्सननं १७५५ मध्ये मांडलं की एका चांगल्या निरीक्षणापेक्षा अनेकांचा मध्य जास्त भरवशाचा, त्यानंतर लजांद्र (१८०५) आणि गाउस (१८०९) यांची लघुतम वर्ग पद्धत, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील असं उत्तर घेणं. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजचाही दाखला देतात, वेढा पडलेल्या शहरातल्या लोकांनी शत्रूच्या भिंतीची उंची काढायला अनेकांकडनं विटांचे थर मोजून घेतले आणि ज्या आकड्यावर जास्त जण आले तो धरला. हे नीट पाहिलं तर बहुलक आहे, मध्य नाही.

आपल्याकडची परंपरा खोदाईच्या हिशेबातनं येते, आणि प्रस्तुत लेखकाला तीच जास्त ठोस वाटते कारण तिथं भागाकाराची कृती स्पष्ट सांगितलेली आहे. ब्रह्मगुप्त (इ. स. ६२८) यानं ओबडधोबड खड्ड्याच्या सरासरी मापासाठी समरज्जू हा शब्द वापरला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (साधारण ११५०) खातव्यवहारात, म्हणजे खड्ड्यांच्या हिशेबात, सममिती हा शब्द सरासरी माप या अर्थानं आहे: रुंदी अनेक ठिकाणी मोजा, बेरजेला ठिकाणांच्या संख्येनं भागा, लांबी आणि खोलीचंही तसंच करा. मुरूम काढलेल्या खड्ड्याचे ब्रास काढताना टेप लावून पाच ठिकाणची खोली घेतात, ९, १०, १२, ११, ८ फूट, आणि दहा फूट धरतात, ते हेच. पुढं कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ च्या लीलावतीवरच्या टीकेत असा आशय मांडला की जितक्या जास्त ठिकाणी मोजाल तितकं माप खऱ्याच्या जवळ जाईल. काही अभ्यासक याला बृहत् संख्यांच्या नियमाची (निरीक्षणं वाढत जातात तशी सरासरी खऱ्या मूल्याजवळ जाते) चाहूल म्हणतात. तसं म्हणणं जरा जास्त होतं, कारण तिथं संभाव्यता नाही आणि सिद्धताही नाही, जेकब बर्नुलीची सिद्धता १७१३ ची. पण निरीक्षण पक्कं आहे आणि ते आपल्या मातीतल्या माणसानं लिहून ठेवलंय याचा मनापासून आनंद वाटतो.

ब्रह्मगुप्ताकडं याच्या पुढचीही एक गोष्ट आहे. वरचं तोंड मोठं आणि तळ लहान असला तर कशाची सरासरी घ्यायची? शेततळं घ्या, वर ३० बाय ३० मीटर, तळाला २१ बाय २१, खोली ३ मीटर. बाजूंची सरासरी साडेपंचवीस, तिचा वर्ग करून खोलीनं गुणलं की १९५०.७५ घनमीटर, हे व्यावहारिक माप. दोन्ही क्षेत्रफळांची सरासरी घेऊन खोलीनं गुणलं तर २०११.५०, हे औत्र. दोन्हींतला फरक ६०.७५, त्याचा तिसरा हिस्सा २०.२५, तो व्यावहारिकात मिळवला की १९७१ घनमीटर, यालाच तो सूक्ष्म म्हणतो आणि आजच्या सूत्रानंही बरोबर १९७१ च येतं. एकाच तळ्यात दोन सरासऱ्या, एक कमी दाखवते, एक जास्त, आणि खरं उत्तर दोन्हींच्या मधोमध नाही. आधी वर्ग करून मग सरासरी घेणं आणि आधी सरासरी घेऊन मग वर्ग करणं एक नव्हे, हे वर्गात फळ्यावर सांगून जितकं कळत नाही तितकं प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या काठावर उभं राहून कळतं.

महाभारताच्या वनपर्वातली ऋतुपर्णाची गोष्ट नमुना निवडीचा, म्हणजे थोडं मोजून सगळ्याचा अंदाज काढण्याचा, पुरावा म्हणून बऱ्याचदा सांगतात. राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडं बघून पानं आणि फळं किती ते सांगतो, सारथी झालेला नळ मोजून बघतो तर आकडा जुळतो, आणि ती विद्या फाशांच्या विद्येशी जोडलेली असते. दोन फांद्यांचा उल्लेख आहे, त्यावरनं फांद्या मोजून पूर्ण झाडाचा अंदाज काढला असा अर्थ लावतात. अर्थ आकर्षक आहे. पण मूळ कथेत कृती दिलेली नाही, म्हणून तो अर्थ म्हणूनच घ्यावा.

सरासरी एकटी अपुरी पडते ते पावसात. सोलापूर जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास सांगतात. उदाहरणासाठी दोन गावं धरू. एका गावात पाच वर्षांत ५००, ५३०, ५५०, ५७०, ६०० मिलिमीटर, दुसऱ्यात २५०, ३५०, ५००, ७५०, ९००. दोन्हीकडं सरासरी ५५०. पण पहिल्या गावात ज्वारी दरवर्षी पदरात पडेल आणि दुसऱ्या गावात दोन वर्षं टँकर लागेल. हा फरक पकडायला प्रमाण विचलन काढतात, प्रत्येक आकडा मध्यापासून किती लांब आहे त्याचा वर्ग, त्या वर्गांची सरासरी आणि तिचं वर्गमूळ. पहिल्या गावाचं साधारण ३४ येतं, दुसऱ्याचं २४३. याचं स्टँडर्ड डेव्हिएशन हे इंग्रजी नाव संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सननं १८९० च्या दशकात रूढ केलं. नमुन्यावरनं काढताना पाचाऐवजी चारनं भागतात, मग ३८ आणि २७२ येतात, कारण मध्यही त्याच आकड्यांवरनं काढलेला असल्यामुळं आकडे त्याच्याजवळ असल्याचे भासतात आणि तेवढी भरपाई करावी लागते. शिवाय पावसाची सरासरी कुठल्या वर्षांची तेही बघावं लागतं. भारतीय हवामान विभागानं देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी २०२२ मध्ये बदलली, १९६१ ते २०१० वर आधारलेली ८८०.६ मिलिमीटर होती ती १९७१ ते २०२० धरून ८६८.६ झाली. पाऊस तेवढाच पडला तरी टक्केवारी बदलते.

आता नमुना. सगळं शेत कापून वजन करता येत नाही, म्हणून पीक कापणी प्रयोग करतात. गावातलं शेत रँडम आकड्यांनी निवडायचं, शेतातली जागाही तशीच, तिथं टेप आणि दोरीनं ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, पुष्कळ पिकांना १० बाय ५ मीटर, चार खुंट्या ठोकायच्या आणि आतलं तेवढं कापून, मळून, तोलायचं. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात एकदा हे जवळनं बघायला मिळालं. आकड्यांनी नेमकी बांधाजवळची विरळ ज्वारी दाखवली आणि शेतकरीदादा कळवळून म्हणाले, “अवं साहेब, तिकडं मधी बघा की, कणसं कशी भरल्यात, ह्या कोपऱ्यात काय घेताय?” त्यांचं दुःख खरं होतं, पण मधली भरलेली कणसं निवडायला लागलो की ती गावाची सरासरी राहात नाही. शेजारच्या रानात आकड्यांनी दाट पीक दाखवलं तेव्हा तेही तसंच घेतलं. निवड माणसाच्या हातात नाही हीच या पद्धतीची ताकद आहे, आणि शेतकऱ्याला हे समजावून सांगायला दहा मिनिटं दिली पाहिजेत, कारण पीक विम्याची भरपाई याच आकड्यावर ठरू शकते.

चौकोन केवढा घ्यायचा यावर १९४० च्या दशकात मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस, ज्यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली, लहान तुकड्यांच्या बाजूचे होते: लहान तुकडे, पुष्कळ ठिकाणी, वेगळे नेमलेले लोक. दुसऱ्या बाजूला संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११. त्यांनी १९४६ मध्ये दाखवलं की तुकडा लहान असला की उत्पन्न फुगून येतं. कारण दोरीपाशी आहे. दोरीच्या रेषेवर आलेलं पिकाचं ताट आत धरायचं का बाहेर, कापणाऱ्याचा हात नकळत आत धरतो. लहान तुकडा म्हणून चार फूट त्रिज्येचं वर्तुळ धरलं तर दर चौरस मीटरला कडेची लांबी साधारण १.६४ मीटर पडते, १० बाय ५ च्या चौकोनाला ०.६ मीटर, म्हणजे चुकायला जागा पावणेतीनपट. यावर महालनोबिसांच्या बाजूचं उत्तर होतं की माणसं नीट तयार केली तर ही चूक आवरता येते, आणि लहान तुकडे जास्त ठिकाणी घेतल्यानं विविधता चांगली पकडली जाते. त्यातही तथ्य आहे. पण गावपातळीवर तलाठी, कृषी सहायक यांच्याकडनंच काम करून घ्यायचं असेल तर सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांचा मोठा चौकोनच सोयीचा, आणि महाराष्ट्रात १० बाय ५ चा चौकोन दिसतो त्यामागं हाच विचार आहे. याच्याशी जोडलेली पैसेवारी, आधीची आणेवारी, म्हणजे पीक नेहमीच्या मानानं रुपयात किती पैसे आलं त्याचा आकडा, तीन टप्प्यांत जाहीर होते, नजर अंदाज, सुधारित आणि अंतिम, आणि ५० पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींचा विषय निघतो. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकांची उपग्रहानं दिसणारी स्थिती यांना जास्त महत्त्व आलं.

संभाव्यतेशी सरासरीचा धागा अपेक्षित मूल्यातनं जुळतो. पास्कल आणि फेर्मा यांचा अर्ध्यावर थांबलेल्या खेळातल्या पैशांच्या वाटणीवरचा पत्रव्यवहार १६५४ चा, हायगेन्सचं पुस्तक १६५७ चं. फाशावर १ ते ६ येण्याची संधी सारखी, म्हणून अपेक्षित मूल्य साडेतीन, जे फाशावर कधीच येत नाही, पण हजार वेळा टाकलात तर सरासरी त्याच्याच आसपास येते. इथं एक समज घट्ट बसलेला असतो, की दोन वर्षं पाऊस कमी झाला म्हणजे यंदा भरून निघणार, सरासरी गाठायची आहे ना. बर्नुलीनं सिद्ध केलेला बृहत् संख्यांचा नियम असं सांगत नाही. मागचं कमी पडलेलं कुणी परत देत नाही, फक्त वर्षं वाढत जातात तशी त्या तुटीचा सरासरीतला वाटा बारीक होत जातो. नाणं पाच वेळा काटा पडलं तरी सहाव्याला छापा पडायची संधी निम्मीच.

मध्याची आणखी दोन रूपं आहेत. भूमितीय मध्य, म्हणजे आकड्यांचा गुणाकार करून जितके आकडे तितकं मूळ काढलेला, वाढीच्या दरांना वापरतात. हरात्मक मध्य, म्हणजे व्यस्तांच्या मध्याचा व्यस्त, वेगाला लागतो: सोलापूर-पुणे जवळपास २५० किलोमीटर, जाताना ताशी ६० आणि येताना ४० नं आलात तर सरासरी वेग ५० भरत नाही, ४८ भरतो. जाताना ४ तास १० मिनिटं, येताना ६ तास १५ मिनिटं, कमी वेगात जास्त वेळ गेला.