ओपनच्या पहिल्या विजेत्याला सुरई मिळालीच नव्हती

ओपन ही गोल्फमधली सर्वांत जुनी मोठी स्पर्धा १८६० साली सेंट अँड्रूजला सुरू झाली आणि तेव्हापासून विजेत्याला चांदीची सुरई, म्हणजे क्लॅरेट जग, मिळते असं सर्रास सांगितलं जातं. यातलं साल तेवढं खरं.

पहिली स्पर्धा झाली स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकला. खेळाडू अवघे आठ. बारा होलचं मैदान, एकाच दिवसात तीन फेऱ्या. विली पार्क सीनियर १७४ फटक्यांत जिंकला. ओल्ड टॉम मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिला. बक्षीस काय, तर लाल चामड्याचा, चांदीच्या बकलाचा पट्टा. रोख रक्कम? छदामही नाही.

लागोपाठ तीनदा जिंकणाऱ्याला पट्टा कायमचा, असा नियम होता. ओल्ड टॉमच्या मुलाने, यंग टॉमने, १८६८ ते १८७० सलग जिंकून तो खरोखरच घरी नेला. झाली पंचाईत! १८७१ ला स्पर्धाच झाली नाही. १८७२ ला पुन्हा तोच जिंकला, पण सुरई अजून घडायची होती, म्हणून पदकावर भागवलं. सुरईवर पहिलं नाव त्याचंच आहे. हातात मात्र ती पहिल्यांदा पडली टॉम किडच्या, १८७३ साली. सेंट अँड्रूजला ओपन पहिल्यांदा झाली तीही त्याच वर्षी.