घाटात मिसिंग, गॅरेजमध्ये ठणठणीत

रात्री पावसात घाट चढताना गाडी झटके देते, मिसिंग मारते, म्हणजे मधेच एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही. सकाळी गॅरेजमध्ये उभी केली की एकदम शहाण्यासारखी चालते. फॉग लॅम्प, अ‍ॅम्प्लिफायर, दणकट हॉर्न असं काहीबाही बसवलेल्या पेट्रोल गाड्यांची ही ठरलेली तक्रार. मेकॅनिक म्हणतो कॉईल गेली, वायरमन म्हणतो अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं जनित्र, चार्जिंग देत नाही. अनेकदा दोन्ही नवे पडतात आणि पुढच्या पावसात गाडी पुन्हा तेच करते.

तक्रारीतच उत्तर दडलेलं असतं: रात्र, पाऊस, घाट.

इग्निशन कॉईल म्हणजे एकाच लोखंडी गाभ्यावरची दोन वेटोळी. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं तत्त्वच इथे कामाला येतं. जाड तारेच्या प्रायमरीतून बॅटरीचा प्रवाह सोडायचा, गाभ्यात चुंबकीय क्षेत्र उभं राहू द्यायचं आणि प्रवाह झटक्यात तोडायचा. तोडताक्षणी प्रायमरीत तीनेकशे व्होल्ट उसळतात आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांच्या सेकंडरीत 20 ते 30 हजार. प्लगच्या फटीत ठिणगी पडते ती या दाबाने.

पण प्रायमरीतला प्रवाह चढायला वेळ लागतो, काही मिलिसेकंद. चार सिलिंडरना मिळून एकच कॉईल असेल, तर 6000 आरपीएमला तिला सेकंदाला 200 ठिणग्या द्याव्या लागतात. म्हणजे एका ठिणगीच्या वाट्याला 5 मिलिसेकंद, आणि चार्ज व्हायला त्याहूनही कमी. एवढ्या वेळात प्रवाह किती चढेल ते व्होल्टेजवर ठरतं आणि साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कॉईलला 14 ऐवजी 12 व्होल्ट मिळाले की तेवढ्याच वेळात ऊर्जा साधारण पाव हिश्श्याने घटते; 11 झाले तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. नव्या गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, व्होल्टेज पडलं की चार्जिंगचा वेळ वाढवून सांभाळून घेतो. कॉईलचा प्रवाह यांत्रिक स्विचने तोडणाऱ्या जुन्या पॉइंटवाल्या गाडीत ती सोय नाही.

आता घाट. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो आणि प्लगची तीच फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. टर्बो बसवला किंवा कॉम्प्रेशन वाढवलं तरी हेच. त्यात रात्री हेडलाइट, वायपर, पंखा आणि अ‍ॅम्प्लिफायर एकदम ओढतात. गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. गॅरेजमध्ये दिवसा, दिवे बंद ठेवून आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून कॉईल काढून मल्टिमीटरवर रेझिस्टन्स बघण्यावर माझा फारसा भरवसा नाही. तार तुटलेली असेल तर ते कळेल. पण मीटर कॉईलला जेमतेम काही व्होल्ट लावतो. तापल्यावर 20 हजार व्होल्टला फुटणारं इन्सुलेशन त्यात सापडायचं कसं? सुरुवात व्होल्टेजने करावी, इंजिन चालू आणि सगळे दिवे लावलेले ठेवून. इंजिन बंद करून थोडी विश्रांती दिलेली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. चालू इंजिनवर साधारण 13.8 ते 14.4 हवेत. बॅटरीवर एवढे आहेत आणि कॉईलच्या प्लसवर 12.5, तर दोष ना कॉईलचा ना अल्टरनेटरचा. मधे कुणीतरी टॅप मारलेला असतो, म्हणजे कॉईलच्या वायरलाच दुसऱ्या उपकरणाची वायर जोडलेली असते.

हा टॅप बहुधा इग्निशन स्विचमागे, डॅशखाली, काळ्या टेपच्या गुंडाळीत सापडतो. 55 वॅटचे दोन फॉग लॅम्प 9 अँपिअरच्या आसपास ओढतात. 1.5 चौरस मिलिमीटरच्या 5 मीटर तांब्याच्या तारेत तेवढ्यानेच अर्धा व्होल्ट गळतो, झिजलेल्या स्विचचे वेगळे. फॉग लॅम्पना फ्यूज घालून स्वतंत्र रिले (बॅटरीवरून थेट प्रवाह देणारा विजेवर चालणारा स्विच) दिला की कॉईलचा वाटा परत मिळतो. अर्थिंगही, म्हणजे इंजिन आणि बॅटरीच्या मायनसमधली जोडणी, असंच तपासायचं: मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा इंजिनच्या स्वच्छ धातूवर. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा बोल्टखाली रंग राहिला आहे.

बॅटरीवरच व्होल्टेज कमी असेल तर अल्टरनेटरकडे वळायचं. स्पीकरमधून आरपीएमबरोबर चढणारी कुईं ऐकू येते का? अर्थिंग चांगलं असूनही येत असेल तर अल्टरनेटरमधल्या एसीचं डीसी करणाऱ्या डायोडपैकी एखादा गेल्याचा संशय घ्यावा. मीटर एसीवर लावून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर संशय पक्का. चालत्या इंजिनवर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायची डायनॅमोच्या काळातली सवय मात्र सोडावी. त्या क्षणी उसळणारं व्होल्टेज ईसीयू जाळू शकतं.

एक खास मॉडिफिकेशनची गंमत. कित्येक जुन्या गाड्यांत डॅशवरच्या लाल चार्जिंग दिव्यातूनच अल्टरनेटरच्या फील्डला, म्हणजे चुंबकत्व देणाऱ्या वेटोळ्याला, पहिला प्रवाह मिळतो. तो 2 वॅटचा बल्ब काढून हौसेने एलईडी लावला की प्रवाह दहाव्या हिश्श्याहून खाली येतो, आणि अल्टरनेटर आयडलला जागाच होत नाही. अ‍ॅक्सिलरेटर एकदा जोरात दाबला की चार्जिंग सुरू होतं, म्हणून दोष लवकर कळत नाही. नवा अल्टरनेटर आणण्याआधी एलईडीला समांतर 68 ओहमचा, 5 वॅटचा रेझिस्टर जोडून बघा.