ग्रीन टी हिरवा राहतो कसा?

कृष्णाकाठचे वांगे चिरून ताटात ठेवले की थोड्याच वेळात काळे पडायला लागते. म्हणून आपण फोडी मिठाच्या पाण्यात टाकतो. चहाचे पान खुडल्यावर हेच घडते आणि घडवणारा विकरही (एन्झाइमही) तोच, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज. पान मळून हवेवर ठेवले तर ते तांबूस होत जाते. सुकले की आपली रोजची काळी पत्ती तयार. खुडल्याबरोबर त्याला वाफ दिली किंवा तापलेल्या कढईत परतले तर विकर निकामी होतो आणि पान हिरवे राहते. झाड एकच, फरक या पहिल्या टप्प्याचा. परसातल्या गवती चहाचा याच्याशी काही संबंध नाही. ते गवत वेगळे, त्याचा वासही वेगळा.

आठव्या शतकात चीनमध्ये लू यूने चहावर पहिला ग्रंथ लिहिला, तेव्हा पाने वाफवून, कुटून त्यांच्या वड्या थापत. 1391 मध्ये मिंग सम्राट होंगवू याने दरबारात नजराणा म्हणून येणाऱ्या वड्या बंद केल्या आणि सुट्ट्या पत्तीला चालना मिळाली. पुढे चीनमध्ये कढईत परतण्याची रीत रुळली. जपानमध्ये एइसाई या झेन भिक्षूने 1191 मध्ये चीनहून बिया नेल्या होत्या. तिथे वाफवणे टिकले, आणि 1738 मध्ये उजी भागातल्या नागातानी सोएनने वाफवलेले पान मळत मळत सुकवण्याची पद्धत बसवली. तोच सेंचा, जपानचा रोजचा ग्रीन टी. आजही चिनी ग्रीन टीला किंचित भाजका वास येतो आणि जपानीला कोवळ्या पालेभाजीचा, याचे कारण हेच.

हिरवे करणे साधले, पण हिरवे ठेवणे त्याहून अवघड निघाले. जपानमध्ये शोगुनसाठी, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशासाठी, उजीचा चहा तोंडबंद बरण्यांत भरून मिरवणुकीने एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला जाई. युरोपला निघालेल्या खोक्यांना आतून शिशाचा पत्रा मारत. तरी महिनोन्‌महिने चालणाऱ्या समुद्रप्रवासात हिरवा माल काळ्यापेक्षा लवकर शिळा व्हायचा. गिऱ्हाइकाला तर हिरवागार रंग हवा! 1848 मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ वेष पालटून चीनच्या आत शिरला, तेव्हा निर्यातीच्या चहाला प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्सम चोळताना त्याने पाहिले. अशा भेसळीने ग्रीन टीवरचा भरवसा उडाला. त्याच काळात आसामचा काळा चहाही बाजारात पसरत होता.

आपल्याकडे चहा आधी दुधाशिवायच आला. 1689 च्या सुमारास सुरतेला असलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने लोक चहात मसाला, खडीसाखर किंवा मुरवलेले लिंबू घालतात असे लिहून ठेवले आहे. हिमाचलातल्या कांगड्यात 1849 पासून चहाची लागवड झाली, तिथला ग्रीन टी अफगाणिस्तानापर्यंत जात असे. 4 एप्रिल 1905 च्या भूकंपाने तिथले मळे आणि कारखाने मोडले. 1930 च्या दशकात आसामात पान चिरडून, फाडून, वळवणारे सीटीसी यंत्र आले. त्यातून निघणारी दाणेदार पूड दूध-साखरेत खळखळ उकळावी अशीच असते. आपला हात त्या पुडीवर बसला आहे. गेल्या काही वर्षांत वजन कमी करायच्या नावाने ग्रीन टी घरात आला तोही त्याच हाताने उकळला गेला, कडू झाला आणि काढ्यासारखा नाक दाबून प्यायला गेला. ही त्या पानावर अन्यायाची गोष्ट आहे.

कडूपणा येतो तो कॅटेचिन आणि कॅफिन यांच्यामुळे, आणि पाणी जितके गरम तितके ते भराभर उतरतात. गोडसर चव देणारे थिअ‍ॅनिन मात्र कमी गरम पाण्यातही उतरते. म्हणून पाणी 75 ते 80 अंशांचे हवे. सांगलीत पाणी साधारण 98 अंशांना उकळते, महाबळेश्वरात 95-96 ला, दोन्ही जास्तच. तापमापी नसेल तर 150 मिली उकळत्या पाण्यात 50 मिली साधे पिण्याचे पाणी घाला, बरोबर 80 च्या आसपास येते. त्यात 2 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर पत्ती. दोन मिनिटांत गाळा. त्याच पत्तीवर दुसरा कपही निघतो. बोअरचे जड पाणी वापरले तर रंग मळकट तपकिरी होतो आणि चव बसते, आरओ फिल्टरचे घ्यावे. दूध नको, त्यातले केसिन हे प्रथिन कॅटेचिनला धरून बसते.

आता साठवण. तासगावचा हिरवा बेदाणा उन्हाळ्यात बाहेर पडून राहिला की काळपटतो, दर पडतो, म्हणून तो शीतगृहात जातो. ग्रीन टीचेही तसेच: हवा, उजेड, ओल, उष्णता. विकर मेलेला असला तरी हरितद्रव्य हळूहळू तपकिरी होते आणि पानातल्या स्निग्धांशाला खवट वास लागतो. काचेची बरणी दिसायला छान, पण उजेड आत येतो. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा किंवा मूळ फॉइलची पिशवी हवा दाबून, चिमटा लावून ठेवावी. कांदा-लसूण मसाल्याच्या फळीवर तर मुळीच नको, पान वास ओढून घेते. एका वेळी 50 ते 100 ग्रॅमच आणावा. फोडलेले पाकीट महिना-दीड महिन्यात संपवावे. पाटण, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात त्याआधीच. टी बॅगमधली भुकटी बारीक असल्याने सुट्ट्या पत्तीपेक्षा लवकर शिळी होते.

न फोडलेले पाकीट फ्रिजमध्ये चालते. बाहेर काढल्यावर मात्र दोन-तीन तास तसेच राहू द्यावे. गार पाकीट लगेच फोडले तर आतल्या पानाला घाम सुटतो आणि सगळे मुसळ केरात. ओल धरली का हे चिमटीत कळते: कोरडे पान कटकन मोडते, सर्दलेले वाकते.

बुरशी नसेल पण वास उडाला असेल तर टाकू नका. जाड बुडाच्या कोरड्या कढईत मंद आचेवर तीन ते पाच मिनिटे हलवत भाजा. पान तपकिरी होऊन खमंग वास सुटला की उतरवा आणि लगेच ताटात पसरा, नाहीतर कढईच्या उष्णतेने करपते. जपानी लोक याला होजिचा म्हणतात. त्याला मात्र उकळते पाणी चालते.