कोळंबी मेली नाही, तिनं कात टाकली आहे

घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. क्लीनर श्रिम्प, म्हणजे माशांचं अंग साफ करणारी शोभेची कोळंबी, आणून दोन-तीन आठवडे होतात आणि एका सकाळी ती तळाला आडवी पडलेली दिसते. पाय, मिशा, डोळे सगळं जागच्या जागी, फक्त हालचाल नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "घरावरचं अरिष्ट तिनं अंगावर घेतलं." टाकी ईशान्येला ठेवायची आणि त्यातला जीव गेला की संकट टळलं असं मानायचं, ही समजूत ठाण्यातल्या आणि नेरुळ-खारघरमधल्या शिकल्यासवरल्या घरांतही आहे. ती चुकीची तर आहेच, शिवाय घातक आहे. संकट टळल्याच्या समाधानात पाणी तपासायचं राहून जातं.

आणि पुष्कळदा तळाशी पडलेली ती कोळंबी नसतेच. ते तिचं रिकामं कवच असतं. कोळंबी मागे दगडाच्या कपारीत लपून बसलेली असते.

कोळंबीचा सांगाडा अंगाबाहेर असतो. कायटिन, प्रथिनं आणि कॅल्शियम कार्बोनेट यांचं हे कवच एकदा कडक झालं की वाढत नाही. आतला जीव वाढतो, म्हणून कवच बदलावंच लागतं. प्रौढ क्लीनर श्रिम्प साधारण दोन ते चार आठवड्यांनी कात टाकते, लहान असताना त्याहून लवकर. याची तयारी आधीपासून चाललेली असते. जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम शरीर परत शोषून घेतं आणि त्याच्याखाली नवं, मऊ कवच घडी घातलेल्या साडीसारखं चुण्याचुण्यांनी तयार होतं. मग पाठीवर, डोक्याकडचा भाग आणि शेपटीकडचा भाग जिथे जुळतो तिथे जुनं कवच उकलतं, आणि कोळंबी झटका देऊन बाहेर पडते. मिशांचं, डोळ्यांचं, कल्ल्यांचं आवरण तर निघतंच, पण अन्न दळणाऱ्या जठराचं आतलं अस्तरसुद्धा त्याच्याबरोबर बाहेर येतं. मला या साऱ्या प्रकारातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते. बाहेर पडताच ती भराभर पाणी शोषते, फुगते, चुण्या ताणल्या जातात, आणि त्या वाढलेल्या मापावर कवच कडक होऊ लागतं. तोवर ती मऊ आणि निराधार असते. खाडीवर खेकडे धरणाऱ्यांना मऊ पाठीचा खेकडा माहीत असतो, तोही याच अवस्थेतला.

हे केव्हा घडायचं ते ठरतं दोन ग्रंथींच्या ओढाताणीत. डोळ्याच्या देठात एक ग्रंथी आहे, ती कात रोखणारं संप्रेरक सोडत राहते. डोक्याच्या भागात दुसरी आहे, वाय-ऑर्गन नावाची, ती एक्डायसोन या जातीची संप्रेरकं बनवते. पहिलीचा लगाम सैल झाला की दुसरीचं काम सुरू. एक्डायसोन हे स्टेरॉइड आहे आणि ते बनतं कोलेस्टेरॉलपासून. कोळंबीत कोलेस्टेरॉल फार, असं डॉक्टर सांगतात ते आपल्या कानावर असतं. पण कोळंबीला ते स्वतः बनवताच येत नाही! तिला ते पूर्णपणे खाण्यातून मिळवावं लागतं. क्लीनर श्रिम्प माशांच्या अंगावरचं खाऊन जगेल, वेगळं घालायची गरज नाही, हा दुकानातला सल्ला म्हणूनच ऐकू नये. मायसिस (कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव, माशांचं खाद्य म्हणून मिळतात) किंवा बाजारातल्या ताज्या कोळंबीचे बारीक तुकडे तिला द्यावेत.

याच एक्डायसोनमुळे आयोडीनच्या बाटल्यांचा प्रचार पोकळ ठरतो. "कात नीट निघावी म्हणून आयोडीन घाला" असं सांगून त्या विकल्या जातात. आयोडीन लागतं ते आपल्या थायरॉइडच्या संप्रेरकाला. एक्डायसोनच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांखेरीज काहीही नाही. राहिलं कॅल्शियम. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे 410 ते 420 मिलिग्रॅम असतं आणि टाकीतल्या कोरलसाठी, म्हणजे प्रवाळांसाठी, आपण तेवढं राखतोच. नियमित पाणी बदललं की पुरतं.

धोका खारटपणातल्या उडीचा आहे. या कोळंब्यांच्या अंगातल्या द्रवाचा खारटपणा भोवतालच्या समुद्राशी मिळताजुळता असतो. दुकानदार मीठ वाचवण्यासाठी पाण्याची विशिष्ट घनता, म्हणजे खारटपणाचं माप, 1.020 च्या आसपास ठेवतात, घरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरलच्या टाकीत, ती 1.025 असते. पिशवी कापून कोळंबी सरळ सोडली तर तिच्या पेशींतून पाणी खेचलं जातं. पाणी शोषून फुगण्यावरच जिची कात अवलंबून आहे, तिला हे झेपत नाही. बारीक नळीतून थेंबथेंब आपलं पाणी पिशवीत सोडत तास-दीड तास द्यावा आणि घनता रिफ्रॅक्टोमीटर या मोजण्याच्या उपकरणानं पाहावी. खाडीचं पाणी आणून टाकीत घालण्याचा विचारही नको. ठाणे खाडीचा खारटपणा पावसाळ्यात कुठल्या कुठे जातो आणि त्यात शहराचं सांडपाणी असतं.

दुसरा शत्रू तांबं. आपल्याकडे तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचं कौतुक जुनं, आता तांबं मिसळणारे आरओ फिल्टरही घरोघरी आहेत. ते पाणी समुद्री टाकीत घालू नका. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेतं ते हिमोसायनिन, आणि त्यात लोहाऐवजी तांबंच असतं. पण ते प्रथिनात घट्ट बांधलेलं. पाण्यात मोकळं विरघळलेलं तांबं कल्ल्यांत शिरून सोडियम आत-बाहेर करणाऱ्या एन्झाइमला बंद पाडतं आणि क्षारांचा तोल जातो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या कित्येक औषधांत तांबं असतं. ती औषधं वेगळ्या टाकीतच द्यायची.

आता कोळंबीची निवड. कोरल म्हणताना एक गोष्ट आधी: सर्व कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. दुकानदार काहीही म्हणो, ते घरी नकोत. मी बोलतो आहे ते झोआ, मशरूम, लेदर अशा मऊ प्रकारांच्या टाकीबद्दल.

त्यासाठी पहिली पसंती लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेल्या क्लीनर श्रिम्पला, म्हणजे लायस्माटा ॲम्बोइनेन्सिसला. कोरलच्या तोंडातला घास ती पळवते, पण कोरल खात नाही. रक्तासारखी लाल फायर श्रिम्पही चालते, फक्त ती लाजरी असल्यानं फारशी दिसणार नाही. एप्टेशिया हा उपद्रवी ॲनिमोन (खडकाला चिकटून राहणारा फुलासारखा प्राणी) खाऊन संपवावा म्हणून पेपरमिंट श्रिम्प आणतात आणि फसवणूक इथेच होते. पेपरमिंट कॅरिबियन भागातली, अंग अर्धपारदर्शक, त्यावर उभ्या लाल रेघा, पांढरी रेघ एकही नाही. तिच्या नावाखाली कॅमल श्रिम्प विकली जाते. तिच्या अंगावर लाल रेघांबरोबर पांढऱ्या रेघा आणि ठिपके, डोळे मोठे, पाठीला कुबड, आणि नाकाडाची चोच बिजागरीवर खाली-वर हलते. ती झोआ कुरतडून संपवते. पेपरमिंट म्हणून दाखवलेल्या कोळंबीवर पांढरं काहीही दिसलं तर घेऊ नका. नांग्यांची बँडेड श्रिम्प एकटीच ठेवावी, लहान कोळंब्यांवर ती हात टाकते. हार्लेक्विन श्रिम्प दिसायला अप्रतिम, पण ती फक्त तारामासे खाते. ते पुरवता येत नसतील तर ती उपाशी मरते.

दुकानात तिला समोर खाऊ घालायला सांगा. मिशा शाबूत हव्यात, अन्नाचा वास येताच ती पुढे यायला हवी. टाकीत हॉकफिश, ट्रिगर किंवा लायनफिश असे कोळंबी खाणारे मासे असतील तर विषय संपला. लपायला अंधारी कपार हवीच, मऊ अंगाचे ते काही तास तिथेच काढायचे असतात.

क्लीनर श्रिम्प दोन घ्याव्यात. लायस्माटा आधी नर असते, पुढे वाढल्यावर एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही होते, त्यामुळे कुठल्याही दोन मोठ्या कोळंब्यांची जोडी जमते. मीलन होतं तेही कात टाकल्यावर लगेच: जिनं नुकतीच कात टाकली ती मादीची भूमिका घेते, दुसरी नराची. लवकरच पोटाखाली हिरवट अंडी दिसू लागतात. अळ्या बाहेर पडल्या की मासे त्या खाऊन टाकतात. वेगळ्या टाकीत वाढवायच्या तर त्यांची वाढ महिनोन्‌महिने चालते आणि थोड्याच तगतात, म्हणून दुकानात येणाऱ्या बहुतेक क्लीनर श्रिम्प आजही प्रवाळ खडकांवरून पकडलेल्या असतात. एका टाकीला दोन पुरेत.