हुलिहेए राजवाडा: तीन फूट जाडीच्या भिंतीला तडा का जातो?

हवाई बेटांपैकी सर्वांत मोठ्या बेटाचं नावही हवाईच. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, कैलुआ-कोना गावात, समुद्राला अगदी लागून एक दुमजली राजवाडा उभा आहे: हुलिहेए. बेटाचा गव्हर्नर जॉन ॲडम्स कुआकिनी याने तो बांधला आणि १८३८ मध्ये काम पुरं झालं. भिंती काळ्या लाव्हाच्या डबराच्या, जाडी सुमारे तीन फूट, लाकूड कोआ आणि ओहिआ या तिथल्याच झाडांचं. १५ ऑक्टोबर २००६ च्या रविवारी सकाळी ७ वाजून ७ मिनिटांनी ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि सात मिनिटांनी ६.० चा दुसरा. वाडा पडला नाही, पण भिंतींना मोठमोठ्या चिरा गेल्या, गिलावा निखळला आणि दुरुस्तीला २००९ साल उजाडलं.

एवढी जाड भिंत तडकते कशी, याचं उत्तर गिलाव्याच्या आत आहे.

कुआकिनीच्या काळी हवाईत दगडाची कामं नवी नव्हती. नवा होता तो चुना. तिथली जुनी पद्धत कोरड्या रचाईची. तळाला ‘निहो’ म्हणजे मोठे पायाचे दगड, त्यांची लांब बाजू भिंतीच्या पोटात घुसवलेली. दोन्ही तोंडांना निवडून बसवलेले दगड. मध्ये ‘हाकाहाका’ म्हणजे बारीक दगडांची भर. भिंत वर जाताना आत कललेली असते, त्यामुळे वजन पोटाकडे झुकतं. अशी भिंत हादऱ्यात थोडी सरकते, दगड एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात धक्क्याची ऊर्जा जिरते. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. १७९१ मध्ये पूर्ण झालेलं पुउकोहोला हे कोरड्या रचाईचं प्रचंड देवस्थान याच २००६ च्या भूकंपात जागोजाग ढासळलं.

राजवाड्याची भिंत मात्र ओळंब्यात सरळ उभी, खिडक्यादारांनी भोकं पडलेली आणि चुन्यात बांधलेली. रस्त्यापलीकडचं मोकुआइकाउआ चर्च १८३७ मध्ये असंच उभं राहिलं होतं. चुनखडीच्या खाणी या ज्वालामुखी बेटावर नाहीत, म्हणून चुना आला समुद्रातून, प्रवाळापासून. प्रवाळ म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. ते लाकडाच्या थरांबरोबर रचून पेटवायचं आणि आच ९०० अंश सेल्सियसच्या आसपास टिकवायची. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० किलो शुद्ध कार्बोनेटमागे ५६ किलो कळीचा चुना हाती येतो. त्यावर पाणी ओतलं की तो उकळतो, फुटतो, विरतो. मग त्यात वाळू. कोकणात शिंपले भाजून चुना करत, त्याचंही रसायन हेच.

भट्टी उघड्यावरची असली की आच सारखी राहत नाही. कमी भाजलेला गोळा आतून प्रवाळच राहतो. तो निरुपद्रवी, पण चुना म्हणून निकामी. जास्त भाजलेला गोळा त्रासदायक, कारण तो सावकाश विरतो. भिंतीत बसल्यावर महिन्यांनी पाणी पिऊन फुगतो आणि गिलाव्यावर खळगा पाडतो. यावर उपाय सोपा आहे: विरवलेला चुना चाळायचा आणि पाण्याखाली काही आठवडे, जमल्यास काही महिने मुरू द्यायचा. दुसरा दोष मिठाचा. समुद्रातलं प्रवाळ आणि किनाऱ्याची वाळू गोड्या पाण्याने धुतली नाही तर मीठ भिंतीत कायमचं मुक्कामाला येतं. कोनाचा हा किनारा कोरडा आणि गोडं पाणी दुर्मीळ. तिथे वाळू किती धुतली जात असेल, याची कल्पना करता येते.

तरी खरी गोम चुना घट्ट होण्याच्या वेगात आहे. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कार्बोनेट होतो, म्हणजे कठीण होतो. ही क्रिया बाहेरून आत, वर्षाला काही मिलिमीटर अशा गतीने सरकते आणि आत जाताना आणखी मंदावते. तीन फुटी भिंतीच्या मध्यापर्यंत पोचायला पिढ्या लागतात. तपासायचं असेल तर भिंतीतून चुन्याचा ताजा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकतात. गुलाबी झाला तर चुना अजून कच्चा. रंग बदलला नाही तर तो कार्बोनेट झालेला. बाहेरून खणखणीत वाजणारी भिंत पोटात मऊ असू शकते.

आता ‘तीन फूट’ म्हणजे काय ते पाहू. डबराच्या भिंतीला दोन तोंडं असतात आणि मध्ये चिपा-चुन्याची भर. तोंडाचे दगड साधारण फूटभर आत जातात. एका बाजूचा दगड दुसऱ्या बाजूला शिवतच नाही. मधली भर सुटी झाली की एका जाड भिंतीऐवजी दोन पातळ भिंती शेजारी शेजारी उभ्या राहतात. जाडी निम्मी झाली की वाकण्याला होणारा विरोध आठ पटींनी घटतो. अशा दोन भिंती मिळून मूळच्या एकसंध भिंतीच्या एक चतुर्थांश विरोध करतात. वजन मात्र तेवढंच राहतं. तीन फूट जाड डबराचं वजन भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरला दोन टनांच्या घरात जातं. जमिनीचं आडवं त्वरण गुरुत्वाच्या निम्म्याइतकं झालं तर दर चौरस मीटरवर एक टनाचा आडवा रेटा येतो. २००६ मध्ये याच बेटावरच्या वायमेआ गावातल्या यंत्राने सुमारे १ जी, म्हणजे गुरुत्वाइतकं, त्वरण नोंदवलं होतं.

म्हणजे जाडी वाढवली की रेटाही वाढतो. ताकद तेव्हाच वाढते, जेव्हा दोन्ही तोंडं एकमेकांना धरून असतात.

हा भूकंप लाव्हा उसळल्यामुळे झालेला नव्हता. त्याचं केंद्र कैलुआच्या उत्तरेला, किहोलो उपसागराजवळ, सुमारे ३९ किलोमीटर खोल होतं. लाखो वर्षं साचलेल्या लाव्हाच्या वजनाने बेटाखालचा पॅसिफिक भूपट्ट वाकला आहे, आणि त्या वाकण्याचा ताण खोलवर कधीतरी सुटतो. राजवाड्याने याआधीही धक्के खाल्ले होते: १८६८ चा सुमारे ७.९ चा, १९२९ मध्ये हुआलालाई ज्वालामुखीखालचा ६.५ चा, १९५१ मध्ये कोनाचा ६.९ चा. ‘इतके भूकंप सोसले म्हणजे मजबूत आहे’ असं लोक म्हणतात तेव्हा मला शंका येते. प्रत्येक धक्क्यात मधली भर थोडी खाली बसते, वर पोकळी राहते, आणि पुढच्या खेपेला भिंत आधीपेक्षा कमजोर असते.

ही झीज दिसत का नाही, याचं कारण वाड्याच्या मालकीच्या इतिहासात आहे. कुआकिनी १८४४ मध्ये वारला. पुढे वाडा राजकन्या रूथ केएलिकोलानी हिच्याकडे आला. तिने दगडी दालनांपेक्षा आवारातल्या गवताने शाकारलेल्या घरात राहणं पसंत केलं आणि १८८३ मध्ये ती तिथेच वारली. निवड परंपरेच्या प्रेमापोटी होती, पण भूकंपाच्या हिशेबातही ती चोख म्हणावी लागेल: लाकडाला दोरांनी बांधलेलं हलकं घर हलतं, कोणाला चिरडत नाही. १८८५ मध्ये राजा कलाकाउआने वाडा घेतला आणि त्याला युरोपीय रूप देण्यासाठी बाहेरच्या दगडांवर गिलावा चढवला. तेव्हापासून भिंतीचे सांधे डोळ्यांआड गेले. १९१४ मध्ये वाडा विकला गेला, सामानाचा लिलाव झाला, आणि पुढची काही वर्षं इमारत बेवारशासारखी पडून होती. १९२५ मध्ये हवाई सरकारने ती विकत घेतली. १९२७ पासून ‘डॉटर्स ऑफ हवाई’ ही संस्था ती संग्रहालय म्हणून चालवते.

गिलाव्याखालच्या भिंतीचं दुखणं चिरांच्या दिशेवरून ओळखता येतं. खिडक्यांमधल्या भागात फुलीसारख्या तिरक्या चिरा असतील तर रेटा भिंतीच्या लांबीच्या दिशेने आला. कोपऱ्यात उभी चीर, वर रुंद आणि खाली निमुळती, असेल तर दोन भिंती एकमेकींपासून सुटू लागल्या आहेत. ही अधिक धोक्याची. ओळंबा लावल्यावर भिंतीचं पोट पुढे आलेलं दिसलं तर तोंड भरीपासून सुटलं आहे. हातोडीने हलकं ठोकून पोकळ आवाजाच्या जागा खडूने आखत गेलं की सुट्या भागाचा नकाशाच तयार होतो.

महाराष्ट्राला हे सगळं फार महागात पडून कळलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ चा भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. दगड तोच, बेसाल्ट. भिंतीची रचनाही तीच: दोन तोंडं, मध्ये भर. फरक तीन होते. तिथे दगड चुन्याऐवजी मातीत रचलेले होते, डोक्यावर मातीचं जड माळवद होतं, आणि भूकंप उथळ होता. हवाईत केंद्र खोल असल्याने जोर मोठ्या परिसरात विखुरला. हुलिहेएचं छप्परही तुलनेने हलकं.

अशा बांधकामासाठीचं भारतीय मानक, आयएस १३८२८, जाडी कमी करायला सांगतं: भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नको. आणि दर ६०० मिलिमीटर उंचीवर, आडव्या दिशेने जास्तीत जास्त १.२ मीटर अंतराने, भिंतीच्या आरपार जाणारा दगड हवा. गवंडी त्याला थ्रू स्टोन म्हणतात. जुन्या भिंतीत तो मागाहून घालता येतो. पहारीने हळूहळू, घण न मारता, सुमारे ७५ मिलिमीटरचं आरपार भोक करायचं. ते दोन्ही तोंडांना रुंद आणि मध्ये निमुळतं असावं. निम्मं काँक्रीट भरून त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवायची, उरलेलं भोक भरायचं आणि किमान दहा दिवस पाणी मारायचं.

वारसा इमारतीत याच्या जोडीला भर घट्ट करण्यासाठी आत पातळ कालवलेला रस, म्हणजे ग्राउट, सोडतात. इथे घाई नडते. एक मीटर उंचीचा ओला रस तळाशी दर चौरस मीटरला दीड-दोन टनांचा दाब देतो, आणि आधीच सुटलेलं तोंड त्याने बाहेर फेकलं जातं. म्हणून आधी भोकांतून पाणी सोडून धूळ धुवायची, मग खालून वर, एका दिवसात मीटरभराच्या आत, कमी दाबाने भरायचं. रस चुन्याचाच हवा. सिमेंट भरलं तर कठीण गाठी तयार होतात, भोवतालचा मऊ चुना पुढच्या धक्क्यात तिथेच तुटतो, आणि ओल बाहेर पडायची वाट बंद होते. तिसरं काम मजल्याचं. तुळया भिंतीच्या खोबणीत नुसत्या टेकलेल्या असतील तर हादऱ्यात त्या सरकतात आणि भिंतीला वरून धरणारं काही उरत नाही. तुळयांना पोलादी पट्ट्या लावून त्या भिंतीपलीकडच्या चकत्यांना आवळतात, आणि फळ्यांवर प्लायवूड ठोकून मजला एकसंध करतात, म्हणजे चारही भिंती एकत्र हलतात.

राहिलं मीठ. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या भूकंपाने उठलेली त्सुनामी कोनाच्या किनाऱ्यावर आली आणि पाणी राजवाड्याच्या आवारात शिरलं. खाऱ्या पाण्यात भिजलेली भिंत सुकताना मिठाचे स्फटिक गिलाव्यामागे वाढतात आणि तो आतून सोलून काढतात. अशा भिंतीवर लगेच रंग किंवा नवा गिलावा चढवायचा नसतो. कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात कालवून बोटभर जाडीने थापतात आणि पूर्ण सुकेपर्यंत ठेवतात. सुकताना तो मीठ आपल्याकडे ओढून घेतो. काढलेला लगदा ठरावीक पाण्यात ढवळून त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. आकडा घसरत असेपर्यंत नवा लगदा लावत राहतात. तो स्थिरावला की गवंडी चुन्याच्या गिलाव्याला हात घालू शकतो.